दानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती द्यावं, कोणाला द्यावं, आणि दिल्यावरही मन का खात राहतं, बहुतेक पत्रं या तीन गोष्टींभोवती फिरतात. प्रश्न सोप्याकडून अडचणीच्याकडे लावले आहेत. एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: देताना आपल्याला काय वाटलं यापेक्षा घेणाऱ्याचं पुढे काय झालं, याला माझ्या लेखी जास्त वजन आहे. काही उत्तरं त्यामुळे तुम्हाला पटणार नाहीत.

१. दान म्हणजे नेमकं काय? भेट, मदत, देणगी हे सगळं एकच ना?

धर्मशास्त्राची व्याख्या अजूनही सगळ्यात नेमकी आहे. वस्तूवरचं आपलं स्वामित्व सोडायचं आणि ते दुसऱ्याचं होऊ द्यायचं. दोन्ही व्हायला हवं. नुसतं सोडलं तर तो त्याग झाला, आणि समोरच्याने स्वीकारलंच नाही तर दान पुरं झालं नाही.

म्हणजे वस्तू मुळात आपली असली पाहिजे. सामाईक पैशातून परस्पर उदार होणं हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं आहे. आणि दिल्यावर ताबा सुटला पाहिजे. शाळेला खोली बांधून दिली आणि किल्ली स्वतःकडेच ठेवली, तर खोली बांधली एवढंच झालं.

भेटीचं वेगळं असतं. भेट देणं, घेणं आणि तिची परतफेड करणं ही तिन्ही बंधनं असतात, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये दाखवून दिलं. दानात हे तिसरं बंधन तोडलेलं असतं, निदान असायला हवं. आवळा देऊन कोहळा काढायचा असेल तर तो सरळ व्यवहार. व्यवहारात वाईट काही नाही, फक्त त्याला दान म्हणू नये.

२. सगळे धर्म दानाबद्दल एकच सांगतात, मग एवढी चर्चा कशाला?

‘द्या’ इथपर्यंत एकमत आहे. त्यानंतर वाटा फुटतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ज्यू परंपरेत दान हा मोठेपणा मानलेला नाही, ते देणं लागतं. शेताचा कोपरा कापायचा नाही, खाली पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची, असा लेवीय या त्यांच्या धर्मग्रंथातला नियम आहे. यात एक बारकावा आहे. कोपऱ्यातलं पीक गरिबाने स्वतः येऊन कापायचं. मालकाने ते कापून, बांधून, उपकार केल्याच्या चेहऱ्याने हातात ठेवायचं नाही.

इस्लाममध्ये जकात हा पाच स्तंभांपैकी एक आहे. ती मर्जीवर नाही, आणि तिचे हक्कदारही ठरलेले आहेत. कुराणाच्या नवव्या अध्यायात असे आठ वर्ग सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडकलेला प्रवासीही येतो. याशिवाय आपखुशीने द्यायचा तो सदका, त्याला ना दर ना मुदत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, आणि जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं ते राजस. अवमान करून दिलेलं ते तामस. रक्कम तीच, वस्तू तीच, पण तोंडातून निघालेल्या एका शब्दाने दान खालच्या पायरीवर येतं.

ख्रिस्ती परंपरेत देणाऱ्याच्या मनावर भर आहे, पण त्याच परंपरेने दानाला संस्थेचं रूपही दिलं. चौथ्या शतकात बिशप बेसिल यांनी सीझरियाजवळ आजारी, निराधार आणि प्रवासी यांच्यासाठी एक मोठं संकुलच उभारलं होतं. बौद्ध धर्मात दान ही पारमितांमधली, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांमधली, पहिली. उपासक भिक्षूंना अन्नवस्त्र देतात, भिक्षू धर्म देतात, म्हणजे देणं दोन्ही बाजूंनी चालतं. जैन परंपरेत आहार, औषध आणि ज्ञान यांच्या जोडीला अभयदान आहे: जिवाला भीतीतून मुक्त करणं. शीख धर्मात आधी कष्टाने कमवायचं, मग वाटून खायचं. लंगरमध्ये सगळे एकाच पंगतीला बसतात, त्यामुळे यजमान कोण आणि गरजू कोण हे पाहून कळत नाही. दानातला संकोच घालवण्याचा इतका साधा उपाय दुसरा मला माहीत नाही.

३. उत्पन्नाचा किती भाग द्यावा?

जकातीचा दर सर्वांत स्पष्ट आहे. एक चांद्र वर्ष शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर चाळिसावा भाग, म्हणजे २.५ टक्के. तोही संपत्ती ठरावीक पातळीच्या वर असेल तरच. ही पातळी आज साधारण ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीएवढी धरतात, काही जण चांदीच्या हिशेबाने खूपच खालची धरतात. ज्यू आणि अनेक ख्रिस्ती पंथांत दशांश, शिखांत दसवंध, म्हणजे दहावा भाग. भागवतात शुक्राचार्य बळीराजाला धनाचे पाच वाटे करायला सांगतात: धर्म, कीर्ती, पुढची गुंतवणूक, स्वतःचा उपभोग आणि स्वजन. सल्ला ऐकला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

इथे एक फरक लक्षात घ्या. दशांश हा उत्पन्नावर आहे, जकात ही मुख्यतः साठून राहिलेल्या संपत्तीवर. महिन्याची मिळकत महिन्यातच संपणाऱ्याला पहिला हिशेब जड जातो, दुसरा त्याला हातही लावत नाही. तुमचा पैसा हातात येतो आणि जातो, की साठत राहतो, हे पाहून ठरवा. कमाल मर्यादेबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. माझी ऐपत फार थोडी आहे. एवढ्याशाने काय होणार?

महाभारतात या प्रश्नाला एका मुंगसाने उत्तर दिलं आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात पार पडतो, दानाची सगळीकडे वाहवा चाललेली असते, आणि अर्धं अंग सोन्याचं झालेलं एक मुंगूस तिथे येऊन म्हणतं, हा यज्ञ त्या सातूच्या पिठाच्या तोडीचा नाही. दुष्काळात शेतातले दाणे वेचून जगणाऱ्या एका कुटुंबाने घरातलं सगळं पीठ अतिथीला वाढलेलं असतं. आधी बापाने आपला वाटा दिला, मग आईने, मग मुलाने, शेवटी सुनेने. तिथे सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी ते यज्ञामागून यज्ञ पालथे घालतंय. मार्कच्या शुभवर्तमानातल्या, मंदिराच्या पेटीत दोन लहानशी नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्टही याच अर्थाची आहे.

या दोन्ही गोष्टी देणाऱ्याला मापतात. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दवाखाना दोन नाण्यांवर चालत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून थोडं देणाऱ्याने ते नियमित द्यावं आणि एकाच ठिकाणी द्यावं. दर महिन्याला न चुकता येणारी छोटी रक्कम धरून संस्थेला पगार ठरवता येतो. अचानक आलेल्या मोठ्या रकमेच्या भरवशावर तो ठरवता येत नाही.

५. डोक्यावर कर्ज आहे. तरी दान करावं का?

थकलेलं कर्ज असेल तर नाही. तो पैसा तुमचा नाही, प्रश्न १ मधली पहिलीच अट मोडते. ठरलेले हप्ते वेळेवर जात असतील तर आपल्या मगदुराप्रमाणे जरूर द्या. ज्याला कर्ज फेडताच येत नाही, तो तर जकातीच्या आठ हक्कदारांतला एक आहे. त्याने घ्यावं.

६. भावाला, बहिणीला, म्हाताऱ्या आईवडिलांना दिलं तर ते दान होतं का?

आईवडिलांचं आणि मुलांचं पोषण हे कर्तव्य आहे, त्याला दानाच्या खात्यात टाकू नका. इस्लामी नियम इथे काटेकोर आहे: ज्यांचं पोषण तुमच्यावर बंधनकारक आहे त्यांना जकात देता येत नाही, गरजू भावाबहिणीला देता येते. इतकंच नाही, नातेवाइकाला दिलेल्यात दानही होतं आणि नातंही जपलं जातं, असं मानतात.

उलट बाजूचा प्रश्न जास्त टोचणारा आहे. घरचे हाल सोसत असताना बाहेर दानशूर म्हणून मिरवणारे असतातच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अशा दानाला धर्माची नुसती नक्कल म्हटलं आहे, वर मध आणि चव विषाची. त्या ग्रंथाशी माझे वाद पुष्कळ आहेत, या ओळीशी नाही.

७. गुप्तदान श्रेष्ठ म्हणतात, मग नावाच्या पाट्या लावलेल्या कशा चालतात?

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, ही येशूची शिकवण प्रसिद्ध आहे. कुराणात मात्र उघड दिलेलं चांगलं आणि गुपचूप गरिबाला दिलेलं अधिक चांगलं, अशी दोन्हींना जागा आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. त्यांत दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, ही वरून दुसरी पायरी. देणाऱ्याला घेणारा माहीत पण घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही तिसरी. सगळ्यात वरची पायरी गुप्ततेची नाहीच. समोरच्याला कर्जाऊ रक्कम, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा मागायची वेळ येऊ न देणं, ही ती पायरी. काम देताना नाव कळणारच.

माझं मत: पाटीवर देणाऱ्याचं नाव असलं तर फारसं बिघडत नाही, त्याने इतरांचाही हात सैल होतो. घेणाऱ्याचं नाव आणि चेहरा झाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, दात्याच्या नम्रतेचं कौतुक होतं आणि वह्या घेणाऱ्या मुलाचा फोटो सगळीकडे फिरतो.

८. समोरचा खरंच गरजू आहे का, हे तपासावं का? सत्पात्री दान म्हणजे काय?

ज्यू कायद्यातला निवाडा मला सर्वांत शहाणा वाटतो. अनोळखी माणूस ‘भूक लागली आहे’ म्हणाला तर चौकशी न करता खायला द्या. ‘कपडे नाहीत’ म्हणाला तर चौकशी करा. भूक थांबू शकत नाही आणि त्यात फसवलं गेल्याचं नुकसानही थोडं. मोठ्या, टिकाऊ मदतीला मात्र चौकशी हवी, कारण तिथे एकाला दिलं की दुसऱ्याचं राहतं. सत्पात्र याचा अर्थ आपल्या पसंतीचा, आपल्या जातीचा किंवा आभार मानणारा असा लावू नका.

९. रस्त्यात मागणाऱ्याला पैसे द्यावेत का? तो दारू पिईल त्याचं काय?

दिल्यावर पैसा त्याचा होतो, हे आधी मान्य करा. ते जमत नसेल तर देऊ नका, पण देऊन वर उपदेश करू नका.

आता शंकेबद्दल. गरिबांना रोख मदत देणाऱ्या योजनांवर निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. रोख मिळाल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च एकंदरीत वाढत नाही, असं त्यात दिसलं. अर्थात हा निष्कर्ष कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीचा आहे, व्यसनात अडकलेल्या एखाद्या माणसाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. लहान मूल हात पसरत असेल तर मी रोख देणार नाही. मुलाच्या कमाईवर मोठ्यांचं घर चालायला लागलं की ते मूल शाळेत जात नाही. तिथे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्या.

१०. जुने कपडे आणि वापरलेल्या वस्तू दिल्या तर चालतात?

कठोपनिषदाची सुरुवातच या प्रश्नाने होते. वाजश्रवस सर्वस्व देण्याचा यज्ञ करतो आणि दक्षिणेत गाई देतो. कशा? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं, आणि ज्यांना वासरू होणार नाही अशा. नचिकेत लहान आहे, पण त्याला ते दिसतं, आणि म्हणून तो विचारतो, बाबा, मला कोणाला देणार?

मदतकेंद्रात पोती उघडणाऱ्यांना विचारा. चेन तुटलेलं दप्तर, जोडीतला एकच बूट, अर्धी भरलेली वही, बटणं काढून घेतलेला सदरा. नेसून विटलेलं चालेल, फाटलेलं नाही; आपण स्वतः उद्या घालू का, एवढीच कसोटी पुरते.

आपत्तीत तर न मागता पाठवलेली वस्तू हीच नवी अडचण होते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मुदत संपलेल्या आणि परक्या भाषेतल्या लेबलांच्या औषधांचे ढीग साचले, ते वेगळे करायला आणि नष्ट करायला माणसं लागली. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली होती: घेणाऱ्याने मागितलेलंच पाठवा, आणि पोहोचताना औषधाची निदान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या. अशा वेळी पैसे पाठवणं बहुतेकदा बरं. आपल्याला त्यात पोतं भरल्याचं समाधान मिळत नाही, तेवढं सोसावं.

११. पैसा गैरमार्गाने मिळवलेला असेल तर दानाने तो शुद्ध होतो का?

नाही. ज्याचा घेतला त्याला आधी परत. मूळ मालक सापडतच नसेल तर तो देऊन टाकावा, पण त्यात पुण्याची आशा धरू नये, असं इस्लामी विधिज्ञ सांगतात. हा विचार कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावा.

घेणाऱ्या संस्थेचा पेच अवघड आहे. अमेरिकेतल्या ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, वेदनाशामकांच्या व्यसनाच्या संकटाशी सॅकलर कुटुंबाच्या कंपनीचं नाव जोडलं गेल्यावर पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये त्यांच्या नावाच्या पाट्या उतरवल्या. पैसा तोवर दालनांत खर्च झालेला होता. म्हणजे नाव काढता येतं, दान परत करणं क्वचितच जमतं. माझ्या मते संस्थेने एकच गोष्ट पाहावी: हा पैसा घेतल्यावर देणाऱ्याविरुद्ध बोलायची आपल्याला मोकळीक राहील का? नसेल तर नाही म्हणावं.

१२. संस्थेचा पगारावर आणि कार्यालयावर खर्च जास्त दिसतो. अशा संस्थेला द्यावं का?

फक्त त्या आकड्यावरून ठरवू नका. कुष्ठरोग्याची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत पगार हीच सेवा असते. हिशेब तपासणारा माणूस ठेवला तर खर्च वाढतो, न ठेवला तर पैसे जातात कुठे ते कळत नाही. पाहायचं ते हे: लेखापरीक्षण झालेले हिशेब मागितल्यावर मिळतात का, विश्वस्त एकाच घरातले आहेत का, आणि ‘काय फसलं’ या प्रश्नाला उत्तर येतं का. ज्यांचं काहीच कधी फसत नाही त्यांच्यापासून लांब राहा.

१३. सगळी मालमत्ता दान करता येते का?

कथांमध्ये येते, जुन्या धर्मनियमांमध्ये नाही. कर्ण कवचकुंडलं देतो, हरिश्चंद्र राज्य देतो, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतला वेस्संतर तर स्वतःची मुलं आणि पत्नीही देतो. ही शेवटची गोष्ट त्या परंपरेतही सहज पचली नाही. मिलिंद राजाने नागसेन या बौद्ध भिक्षूला नेमकं यावरच छेडलं आहे: मुलं रडत असताना दिलेलं ते कसलं दान?

नियम लिहिणारे मात्र सावध होते. नारदस्मृतीत देता न येणाऱ्या वस्तूंची यादीच आहे. ठेव, गहाण, मागून आणलेली वस्तू, सामाईक मालमत्ता, बायकोमुलं, दुसऱ्याला कबूल केलेलं, आणि संतती असताना सर्वस्व. ज्यू पंडितांनी पाचव्या भागाच्या वर देऊ नये असं ठरवलं, नाहीतर दाताच उद्या याचक होईल. इस्लाममध्ये मृत्युपत्राने देण्याची मर्यादा एक तृतीयांश. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं बरं, असं पैगंबरांनी त्याचं कारण सांगितलं आहे.

१४. शब्द दिला होता, आता जमत नाही. किंवा दिलेलं परत मागायचं आहे.

प्राचीन भारतीय कायद्यात दिलेलं परत घेण्याचा वाद हा अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे खटल्यांच्या ठरलेल्या प्रकारांपैकी, एक होता, म्हणजे लोक तेव्हाही पस्तावत होतेच. भीतीने, रागाच्या भरात, नशेत किंवा फसवणुकीने दिलेलं परत मागता येतं. केवळ विचार बदलला म्हणून नाही. दिलेला शब्द पाळता येत नसेल तर लवकर सांगा. संस्थेने त्या भरवशावर पुढे कोणाला तरी शब्द दिलेला असतो.

ज्या कामासाठी दिलं ते कामच उरलं नाही तर? एखाद्या रोगाच्या रुग्णालयासाठी निधी ठेवला आणि तो रोगच संपला, असं होतं. इंग्लिश कायद्यात अशा वेळी मूळ हेतूच्या सर्वांत जवळच्या कामाकडे न्यायालय तो पैसा वळवतं. म्हणून दानपत्र लिहिताना अटी मोजक्या ठेवा.

१५. रक्तदान, श्रमदान, ज्ञानदान यांनाही दानच म्हणायचं ना?

हो. रक्ताच्या बाबतीत तर ते पैशापेक्षा पुढचं आहे, कारण ते कारखान्यात बनत नाही. रक्त विकत घेण्यापेक्षा दानाने मिळालेलं अधिक सुरक्षित, असा युक्तिवाद ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये केला. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवण्याची शक्यता जास्त. श्रमदानाबद्दल एकच: ज्या दिवशी लागेल त्या दिवशी जा, तुम्हाला सवड असेल त्या दिवशी नाही.

१६. गरिबी हटवणं सरकारचं काम आहे. दानाने मूळ अन्याय झाकला जात नाही का?

झाकला जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये १६०१ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने गरिबांच्या पोषणासाठी स्थानिक कर बसवला, दुसऱ्याने धर्मादाय निधीचा गैरवापर तपासायची सोय केली. कर आणि दान दोन्ही लागतात, हे तेव्हाही कळलेलं होतं.

फरक हक्काचा आहे. पेन्शन थकली तर माणूस भांडू शकतो, दान थांबलं तर तो गप्प बसतो. शिवाय दान देणाऱ्याच्या आवडीप्रमाणे वाहतं, गोंडस मुलांकडे जास्त, मनोरुग्ण आणि सुटलेल्या कैद्यांकडे कमी. म्हणून जे सगळ्यांना नेहमीच लागतं ते कराच्या पैशातून व्हावं. नवं करून पाहणं, नावडत्या माणसांची बाजू घेणं आणि अडीअडचणीला तत्काळ धावणं यासाठी दान. कर चुकवून त्यातला तुकडा दान करणाऱ्यासाठी प्रश्न ११ आहे.

१७. मला मदत घ्यावी लागते आहे आणि फार लाज वाटते.

ही पत्रं कमी येतात आणि बहुतेक बिननावाची असतात. लाजेला परंपरेचा आधार शोधाल तर सापडेल, दान घेण्याने तेज जातं अशी वचनं आहेत. पण ती मुख्यतः पुरोहितवर्गाला उद्देशून आहेत, गरज नसताना घेत सुटू नये म्हणून. ज्याला घेतल्यावाचून जगता येत नाही, अशा म्हाताऱ्याने किंवा आजाऱ्याने केवळ ताठ्यापायी नाकारणं, याला मायमोनिडीझने स्वतःचा जीव घेण्याच्या रांगेत बसवलं आहे. त्याच परंपरेत दानावर जगणाऱ्यानेही थोडं दान करावं असा नियम आहे. घेणारा हा नुसता घेणाराच राहू नये, यासाठी तो असावा असं मला वाटतं.

व्यवहाराचं सांगायचं तर किती लागेल आणि कधीपर्यंत, हे स्वतःच आधी सांगा, म्हणजे दर वेळी मागावं लागत नाही. खर्चाचा हिशेब मागितला तर द्या, तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. फोटो मागितला तर नाही म्हणा. त्यावरून मदत थांबवतो म्हणाले, तर दुसरी संस्था गाठा.